बावीस नावं आणि आपला सवाल
(नागापूर इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)

दोस्तहो,

लढायांची पुस्तकं आणि तत्त्वज्ञान ह्यावर बोल, असा तुमचा निरोप आला. मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. पण विषय बरोबर गावात आलाय. शेजारचं नगर, आता कागदावर अहिल्यानगर, हे रणगाड्यांच्या फौजेचं शहर. आणि इथली पोरं पहाटे उठून भरतीसाठी पळतात. म्हणून भरतीपासूनच बोलतो.

आपल्या ह्याच नगर-पुणे रस्त्याला शिरूर आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टन तिथनं कंपनीची पलटण घेऊन निघाला. पायदळ, घोडेस्वार, दोन तोफा, सगळे मिळून आठशेच्या आसपास. सकाळी कोरेगावला पेशव्याच्या फौजेशी गाठ पडली. पेशव्याचे किती होते, किती लढले, ह्यावर पुस्तकं अजून भांडतात. भांडू द्या. दिवसभर माणसं उपाशी लढली. भीमा शेजारनं वाहत होती आणि अंधार पडेपर्यंत घशाला पाणी नाही. पुढं कंपनीनं विजयस्तंभ उभारला. त्यावर एकोणपन्नास नावं, त्यातली बावीस 'नाक' लागणारी. म्हणजे आपली.

दगडावर कोरलेलं पुसत नाही म्हणतात. साफ खोटं! पुस्तकानं पुसलं. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ हिंदुस्थानच्या फौजेचा सरसेनापती होता. त्याच्या डोक्यात एकच तत्त्वज्ञान: काही जाती जन्मानं लढवय्या, बाकीच्या नाहीत. १८९७ साली त्यानं 'फॉर्टी-वन इयर्स इन इंडिया' हे जाडजूड पुस्तक काढलं, त्यातही हेच. चातुर्वर्ण्याला इंग्रजी गणवेश चढवला, बस्स. त्याच काळात महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर स्वतः फौजेतले. १८९४ साली त्यांनी अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे ह्यांनी १९१० साली लिहिला. शौर्याचा पुरावा दगडावर उभा, आणि आपण अर्ज करतोय!

१९१७ साली महायुद्धात माणसं कमी पडली. मग १११ महार पलटण उभी केली. लढाई सरली, १९२१ साली मोडली. हे मला पुस्तकात वाचून कळायची गरज नव्हती. बोट लागली की हाळी येते, बोट रिकामी झाली की घरी बसा. पाठ तीच, गोणी तीच. गरज त्यांची.

आता कुणी शहाणा म्हणेल, कोरेगावात ते पगारासाठी लढले, गोऱ्यांच्या राज्यासाठी लढले. मी म्हणतो, हो. पगारासाठीच. गावात गळ्यात मडकं अडकवणाऱ्या राज्यानं त्यांना दुसरं काय ठेवलं होतं? पोटासाठी लढणं ही लाज नाही. पण त्या शहाण्याचा अर्धा सवाल आपला आहे, तो त्याच्या हातातनं काढून घेऊ. शौर्य आपल्यात होतंच. ते कुणाच्या कामी आलं?

ह्या सवालाचं उत्तर बाबासाहेबांनी एका सालात दिलं. सुभेदार रामजींचा हा मुलगा १ जानेवारी १९२७ ला स्तंभापुढं उभा राहिला. आणि २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. मधे अडीच महिने. कोरेगावात तहानेलं राहून दुसऱ्याचं राज्य राखलं. महाडात बंदूक नव्हती, तोफ नव्हती, आणि पाणी आपलं होतं. नुसत्या स्तंभापाशी थांबणारा पोवाडा गातो. स्तंभापासून तळ्यापर्यंत चालणारा माणूस होतो.

बाबासाहेबांचं शेवटचं पुस्तक 'बुद्ध आणि त्याचा धम्म' १९५७ साली, त्यांच्यामागं आलं. त्यात सिद्धार्थ घर सोडतो तो म्हातारा आणि मढं बघून नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरनं शाक्य आणि कोलीय लढायला निघतात, आणि हा संघाच्या सभेत उभा राहून म्हणतो, लढाई नको. मतं विरुद्ध जातात. तो बाहेर पडतो. आपलं तत्त्वज्ञान हिमालयातल्या गुहेत जन्मलं नाही, लढाईच्या ठरावावर मत मागितलं तिथं जन्मलं. बंदूक उचलायची ताकद असलेल्या माणसानं विचारलं, काय म्हणून?

तेव्हा पोरांनो, पळा. भरती व्हा. घराला पगार पाहिजे, मी नाही म्हणणार नाही. महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावला उभी राहिली, ती आपल्या माणसांनी मागून घेतलेली आहे. पण २०२२ साली अग्निपथ योजना आली, त्यात नोकरी चार वर्षांची, आणि पुढं ठेवायचं ठरलं चारातल्या फार तर एकाला. १९१७ ते १९२१ पण चारच वर्षं होती. उरलेले तिघं कुठं जातील, हे लढायांच्या पुस्तकात येणार नाही. ते आपल्याला लिहावं लागेल.

एक जानेवारीला कोरेगावला जा, नावं वाचा, मोठ्यानं वाचा. परत येताना सवाल घेऊन या: आपली ताकद कुणाच्या कामाला? तो सवाल सुटेपर्यंत आपली लढाई चालूच आहे.

जयभीम.