कुंपणाला करवंद
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘बागेविषयी चार शब्द बोला,’ असे चिटणीसबाईंनी सांगितले. गुलाबाविषयी बोलणाऱ्या येथे पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे करवंदाविषयी. आणि प्रथम एक कबुली देते.

लोणावळ्यास आम्ही घर बांधले तेव्हा प्लॉटच्या कडेला करवंदीची दाट जाळी होती. मुलांना काटे बोचतील म्हणून मीच ती मुळासकट काढविली व तारेचे कुंपण घातले. दोन वर्षांत त्या तारेवर घाणेरी माजली. ही मूळची अमेरिकेची. इंग्रजी अमदानीत बागेची शोभा म्हणून आली नि रान बळकावून बसली. जाळीत घरटे करणारी बुलबुलांची जोडी मात्र पुन्हा फिरकली नाही.

मे महिन्यात करवंदे विकायला येणाऱ्या आजींपाशी हे बोलले. द्रोण भरता भरता त्या म्हणाल्या, “बाई, समद्यांनीच जाळ्या तोडल्या. आता पार वर डोंगरात जावं लागतं.” मला मान खाली घालावी लागली.

त्यांच्याच करवंदांच्या बिया मी वाळवून डब्यात जपल्या व पुढल्या वर्षी जूनमध्ये पेरल्या. एकही उगवली नाही! आजींना हसू आवरेना. करवंदाचे बी फार दिवस जिवंत राहत नाही. पिकल्या फळातले बी गर धुऊन त्याच पावसाच्या तोंडी मातीत घालावे. तसे केले, तेव्हा कोंब दिसले.

आपल्या मावळात चार महिने पाऊस कोसळतो आणि पुढे मेपर्यंत जमीन तापते. करवंद दोन्ही सोसते. फक्त मुळाशी पाणी तुंबलेले त्याला खपत नाही. म्हणून बांधावर, मुरमाड उंचवट्यावर, दोन-अडीच हातांच्या अंतराने लावावे. पहिले दोन उन्हाळे अधूनमधून तांब्याभर पाणी घालावे, मग तेही नको. वाढ मात्र सावकाश. तीन-चार वर्षे फळाची आशा धरू नये. ‘ही काय काडी लावून ठेवली आहे!’ म्हणून आमच्या घरी माझी बरीच थट्टा झाली.

यंदा फेब्रुवारीत पहिली फुले आली, पांढरी, जाईच्या वासाची. कुंपण अजून कमरेइतकेच आहे. बुलबुल येतात, बसतात, उडून जातात. घरटे अद्याप नाही.

माझ्या पडवीत तीस रोपे तयार आहेत. पहिला पाऊस पडला की ज्यांना हवीत त्यांनी घेऊन जावीत. येताना टोपली आणावी, आणि पदर तेवढा सांभाळावा. काटे आतापासूनच आहेत.