पहिले उत्तर आणि खरे उत्तर

(विद्यार्थी-गुणगौरव समारंभातील भाषण)



आज ज्यांचा गौरव झाला, त्या मुलांसाठी मी एक कोडे आणले आहे. एक शब्दकोश व एक पेन्सिल मिळून 110 रुपये पडतात. शब्दकोश पेन्सिलीपेक्षा 100 रुपयांनी महाग आहे. तर पेन्सिलीची किंमत किती?

आपल्यापैकी बहुतेकांच्या ओठांवर 'दहा' हेच उत्तर आले असेल. परंतु पेन्सिल दहाची धरली, तर शब्दकोश 110 चा होतो आणि बेरीज 120 भरते. खरे उत्तर पाच. अमेरिकेतील शेन फ्रेडरिक यांनी 2005 साली याच धर्तीचे प्रश्न प्रसिद्ध केले. नामांकित विद्यापीठांतील विद्यार्थीही त्यांत चुकले. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांनी याची मीमांसा अशी केली की, आपल्या मनाच्या दोन चाली आहेत. एक चपळ, आपोआप उत्तर देणारी; दुसरी संथ, श्रमाने पडताळणारी. दुसरी आळशी असल्यामुळे पहिलीचा शब्द आपण प्रमाण मानतो.

वर्गात हाच प्रश्न घातला, तेव्हा मीही उतावीळपणे 'दहा' म्हणून बसलो होतो. सर्वांनी माना डोलावल्या. एक मुलगी मात्र पाटीवर काहीतरी मांडीत होती. "अजून झाले नाही का?" असे मी चिडून विचारले. ती म्हणाली, "गुरुजी, बेरीज जुळत नाही." त्याच मुलीच्या प्रगतिपुस्तकात मी 'मंद' असा शेरा लिहिला होता. तो शेरा मी खोडला. पण त्यापूर्वी अशा किती मुलांवर मी अन्याय केला असेल, ही टोचणी आजही मनात आहे.

याचा अर्थ स्फूर्ती त्याज्य आहे, असा नव्हे. निफाडचा जाणता बागाईतदार द्राक्षाच्या पानाकडे पाहताच रोग ओळखतो. ती नजर वर्षानुवर्षांच्या अनुभवाची असते. अनोळखी कोड्यापुढे मात्र अनुभवाची ती शिदोरी नसते. तेथे कागद-पेन्सिलच कामी येते.

आपल्याच देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी 1949 साली 6174 या संख्येचे वैशिष्ट्य जगापुढे ठेवले. सर्व अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, आणि येणाऱ्या बाकीवर पुन्हा तीच क्रिया करा. 3524 घेतल्यास 5432 वजा 2345 म्हणजे 3087. मग 8730 वजा 0378 म्हणजे 8352. आणि 8532 वजा 2358 म्हणजे 6174. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत आपण तेथेच पोहोचतो. अशी गोष्ट एखाद्याला क्षणात सुचेलही; पण ती सर्व संख्यांना लागू आहे, हे पडताळल्यावाचून म्हणता येत नाही.

म्हणून पालकांना माझी नम्र विनंती आहे. शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीसाठी मुलांना वेग जरूर शिकवा. वेळ मोजका असतो, हे मी जाणतो. परंतु घरी मूल विचार करीत थांबले, तर त्याला मठ्ठ म्हणू नका. "उत्तर काय?" याच्या पाठोपाठ "ते कशावरून?" हेही विचारा. आणि आपलेच उत्तर चुकल्याचे त्याने दाखविले, तर त्याचे कौतुक करा.