प्रतिकृती-विमानाची चाचणी : एक प्रयोगपाठ

(शिक्षक-संमेलनातील भाषण)



विमानाचा आवाज येताच वर्ग सोडून अंगणात धावणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांच्या या कुतूहलाला प्रयोगाचे वळण कसे लावावे, एवढाच आजचा विषय आहे. बिनतारी यंत्राने चालणारे थर्माकोलचे प्रतिकृती-विमान बाजारात तयार मिळते. परंतु खरा पाठ सुरू होतो तो त्यात फेरफार करताना.

समजा, विमान ६०० ग्रॅम वजनाचे आहे आणि ते अधिक वेळ उडावे म्हणून आपण नाकाकडे १०० ग्रॅमने जड बॅटरी बसविली. याने दोन गोष्टी बदलतात. वजन एकषष्ठांशाने वाढल्यामुळे हवेत टिकून राहण्यास लागणारा किमान वेग सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो; आणि गुरुत्वमध्य पुढे सरकतो. साध्या सरळ पंखाच्या विमानात तो पंखाच्या पुढील कडेपासून रुंदीच्या साधारण चतुर्थांशावर असावा. पंख २० सेंटिमीटर रुंद असेल, तर कडेपासून ५ सेंटिमीटरवर खालून दोन बोटे टेकवून विमान तोलावे. नाक जड असेल तर विमान खाली झेपावते. शेपूट जड असेल तर ते नाक उचलते, वेग गमावते आणि कोसळते. हा दुसरा दोष अधिक घातक होय.

चाचणीसाठी आपल्या रायगड किनाऱ्यावर ओहोटीची सकाळ साधावी. ओली, घट्ट पुळण धावपट्टीसारखी असते. मतलई वारे मंदावलेले असतात आणि खारे वारे अद्याप उठलेले नसतात. वारा जमिनीकडून असेल, तर ताबा सुटलेले विमान समुद्रात जाते, म्हणून त्याचा रोख आधी पाहावा. प्रतिकृती-विमानांनाही २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत. आपली जागा मोकळ्या क्षेत्रात येते की नाही, हे सरकारी नकाशावर पाहूनच पुढे जावे. उरण-पनवेलकडे तर विमानतळ जवळ असल्याने विशेष दक्षता हवी. माणसे, होड्या व वाळत घातलेली जाळी यांपासून दूर राहावे.

प्रथम पंखांच्या व शेपटीच्या झडपा योग्य दिशेला हलतात का, ते पाहावे. नंतर विमान दूर नेऊन बिनतारी संदेश पोचतो का, ते तपासावे. मग यंत्र बंद ठेवून, खांद्याच्या उंचीवरून, वाऱ्याच्या समोर विमान हलकेच सोडावे. ते सरळ तरंगत उतरले, तरच यंत्र सुरू करून उडवावे. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी : वजन, तोल, वारा, परिणाम.

नोंदीचे मोल इतिहास सांगतो. अमेरिकेतील राइट बंधूही वाळूच्या किनाऱ्यावरच प्रयोग करीत. १९०१ सालच्या त्यांच्या विमानाला हिशेबाप्रमाणे उचल मिळेना, तेव्हा त्यांनी छोटे पंख वायुबोगद्यात तपासले. १९०२ साली स्थिर सुकाणू फिरते केले. आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी १२ सेकंद उड्डाण केले. त्याची मोजमापे आणि छायाचित्रही आहे. उलट, आपल्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविले, असे सांगतात. परंतु त्याची खात्रीशीर समकालीन नोंद मिळालेली नाही. मुलांनी याविषयी विचारले, तर केवळ अभिमानापोटी होकार देऊ नये. तळपद्यांच्या जिज्ञासेचा आदर राखूनही, "याची नोंद कोठे आहे?" हा प्रश्न विचारावयास आपण मुलांना शिकविले पाहिजे.

बिनतारी विमान घेण्याची ऐपत प्रत्येक शाळेची नसते. त्याने काही अडत नाही. जाड कागदाचे विमान करावे, नाकाला कागदाची टाचणी लावावी, ती एकेक बोट मागे सरकवीत उड्डाणाचे अंतर पावलांनी मोजावे आणि फळ्यावर कोष्टक मांडावे. अंदाज चुकला की मुले हिरमुसतात. त्याच वेळी शिक्षकाने कोष्टकाकडे बोट दाखवावे. चुकलेला अंदाज नीट लिहून ठेवला, तर पुढच्या उड्डाणाची दिशा त्यातूनच मिळते. पाठ्यपुस्तकातील उत्तर मूल विसरेल. स्वतः मोजून मिळविलेले उत्तर ते विसरणार नाही.