पाहुणा कोणत्या वाटेने येतो?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



शेतकऱ्याला फुकटचा सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती. कापूस परवडत नाही म्हटले, ज्वारीत खर्चही निघत नाही म्हटले, की हल्ली एक उत्तर तयार असते : कृषी पर्यटन करा. महाराष्ट्र सरकारने २०२० साली त्याचे धोरणही आणले. शहरातले लोक येतील, हुरडा खातील, बैलगाडीत बसतील आणि पैसे देऊन जातील. आणि दाखला कुठला, तर युरोपचा. तिथे म्हणे लोक फळबागांमधून सायकलवर हिंडतात आणि शेतकऱ्याच्या घरी मुक्काम करतात.

दाखला खोटा नाही. पण दाखला द्यायचा तर पुरा द्यावा. म्हणून आज अशाच एका सायकलवाटेची हकीकत तुमच्यापुढे ठेवतो.

इटलीच्या उत्तर टोकाला, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या सीमेला लागून, आल्प्स पर्वतात फिन्शगाउ नावाचे खोरे आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियात होता, नंतर इटलीत गेला. लोक अजून जर्मन बोलतात. वरच्या अंगाला रेशेन नावाची खिंड आहे. तिथून आदिजे नदी निघते, आणि नदीच्या सोबतीने सायकलवाट निघते. खिंड दीड हजार मीटर उंचीवर, खालचे मेरानो शहर सव्वातीनशे मीटरवर, मध्ये सुमारे ८० किलोमीटर वाट. एकूण उतारच, पण सरळ नव्हे. डोंगरातून येणाऱ्या ओढ्यांनी हजारो वर्षे दगडगोटे आणि माती आणून टाकली, त्याचे मोठमोठे उंचवटे झाले आहेत. वाट त्यांना वळसे घालत, चढत-उतरत जाते. दोन्ही बाजूंना सफरचंदाच्या बागा.

मोटारींचा हमरस्ता वेगळा आहे. या वाटेवर मोटारींना जवळजवळ मज्जाव. दिसलाच तर बागवानाचा ट्रॅक्टर दिसेल, कारण ही वाट बरीचशी जुन्या शेतरस्त्यांवरूनच नेली आहे. आपल्या भाषेत ती पाणंद आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी चालू असते तेव्हा फळांच्या पेट्या ओढणारे ट्रॅक्टर पुढे जातात आणि सायकलवाला कडेला उभा राहतो. आधी माल, मग मौज.

खोऱ्यात १९०६ साली आलेली रेल्वे आहे. तोट्यात चालते म्हणून इटलीच्या सरकारी रेल्वेने १९९० मध्ये ती बंद केली. तिथल्या प्रांताने ती आपल्या हातात घेतली आणि २००५ मध्ये पुन्हा सुरू केली. आता पाहुणे गाडीने वर माल्स गावापर्यंत जातात, स्टेशनावर भाड्याने सायकल घेतात, बागांमधून उतरत येतात आणि खालच्या एखाद्या स्टेशनावर ती परत करतात. त्यामुळे लेकुरवाळी माणसेही येतात आणि साठी उलटलेलीही येतात.

सल्लागार इथवरची गोष्ट सांगतात. याच्या आधीची गोष्ट सांगत नाहीत.

रेशेन खिंडीतून जाणारा रस्ता रोमन बादशहा क्लॉडियसच्या काळापासूनचा आहे. त्याच रस्त्याने एकोणिसाव्या शतकात दर वसंतात याच खोऱ्यातल्या गरीब शेतकऱ्यांची पोरे पायी निघत. सात-आठ वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतची पोरे, वाटेत अजून बर्फ, बरोबर बहुधा गावचा पाद्री. खिंड ओलांडून ती जर्मनीच्या स्वाबिया भागात जात. तिथे चक्क मुलांचा बाजार भरे आणि मोठे शेतकरी हंगामापुरती गुरे राखायला पोरे निवडून घेत. शरद ऋतू संपता संपता पोरे परत येत. मजुरी म्हणजे अंगावरचे कपडे आणि थोडे पैसे. घरचे एक खाणारे तोंड तेवढे दिवस कमी होई, हाच मोठा हिशेब. विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस-बावीस वर्षांपर्यंत हे चालले. कोयते घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बिऱ्हाडांना यातले काही वेगळे सांगायला नको.

आणि हे खोरे ओसाड नव्हते बरे! तिरोलचे धान्याचे कोठार असे त्याचे नाव होते. पिकत होते राय, म्हणजे आपल्या ज्वारी-बाजरीसारखे गरिबाचे धान्य. दोन भाकरी एकमेकींना चिकटवून भाजलेली रायची जोडभाकर आजही तिथली खूण आहे. जमिनीच्या भावाभावांत वाटण्या होऊन तुकडे पडले होते. कोठार भरलेले आणि कोठार भरणाऱ्याचे पोर बाजारात उभे! तेव्हाही डोंगर हेच होते, नदी हीच होती, देखावा हाच होता. देखाव्याने कुणाच्या चुलीवर तवा चढला नाही.

मग बदलले काय?

पहिली गोष्ट पाणी. खोऱ्यात पाऊस वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या अवर्षणग्रस्त तालुक्यांइतकाच. तिथल्या शेतकऱ्यांनी मध्ययुगापासून डोंगराच्या कडेने पाट काढले आणि डोंगरावरच्या बर्फाचे पाणी शेतात आणले. पाणी पाळीने मिळे. धुळ्याकडच्या फडाची पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे लगेच समजेल. पाटावर लाकडी पाणचक्र बसवलेले असे आणि ते फिरताना हातोड्याचे ठोके पडत. ठोका थांबला, की पाणी कुठे तरी अडले हे पाटकऱ्याने समजायचे. पाटकऱ्याच्या पायवाटांवर आज पाहुणे फिरतात. पुढे बहुतेक ठिकाणी तुषार सिंचन आले. एप्रिलमध्ये बहर असताना रात्री पारा शून्याखाली गेला, की बागवान तुषार चालू करतात. पाणी गोठताना उष्णता सोडते, त्यामुळे बर्फाच्या कवचात फूल जिवंत राहते. सकाळी सायकलवाले त्याची छायाचित्रे काढतात. बागवानाची मात्र रात्र जागून गेलेली असते.

दुसरी गोष्ट विक्री. एकेका घराची बाग दोन-तीन हेक्टरची. एवढ्याशा मालावर व्यापाऱ्याशी काय बोलणार? म्हणून माल सहकारी संस्थेत जातो. तिथे यंत्रावर वजन, आकार, रंग पाहून प्रतवारी होते, प्राणवायू कमी ठेवलेल्या शीतगृहात फळ महिनोन् महिने टिकते आणि बाजार पाहून वर्षभर विकले जाते. शेतकऱ्याला पैसे प्रतीप्रमाणे. संस्था आपल्याकडेही कमी नाहीत. फरक असा, की तिथली संस्था फळ विकण्यासाठी आहे आणि बागवानाला तिचा हिशेब कळतो. ज्वारीसारखे धान्य पिकवणारे खोरे फळबागांकडे वळले ते पाहुण्यांसाठी नव्हे, फळाला पैसा मिळाला म्हणून.

तिसरी गोष्ट कायदा. इटलीने १९८५ साली कृषी पर्यटनाचा कायदा केला. त्यातली अट ऐकण्यासारखी आहे. हा धंदा शेतकऱ्यानेच करायचा, आणि त्याच्या घरचा मुख्य उद्योग शेतीच राहिला पाहिजे. म्हणजे पाहुणा हा वरकड. शेती बुडाली म्हणून पाहुणे ठेवा, असे तो कायदा म्हणत नाही. शेती चालू आहे म्हणून पाहुणे ठेवता येतील, असे म्हणतो. आपल्याकडचा सल्ला याच्या नेमका उलटा आहे.

तिथे सगळे गोड आहे असेही समजू नका. सायकलवाटेच्या सुरुवातीला एक मोठा तलाव लागतो आणि पाण्यातून चर्चचा मनोरा वर आलेला दिसतो. ते ग्राउन गाव. विजेच्या धरणासाठी १९५० मध्ये ते बुडवले. दीडशेहून अधिक घरे आणि पाचशेहून अधिक हेक्टर जमीन गेली. धरणाची नोटीस लागली ती इटालियन भाषेत, जी जर्मन बोलणाऱ्या गावकऱ्यांना वाचता येत नव्हती. आज प्रत्येक पाहुणा त्या मनोऱ्यापुढे उभा राहून छायाचित्र काढतो. ज्यांची घरे तळाशी आहेत त्यांना त्या छायाचित्राचे काय?

दुसरा तंटा फवाऱ्याचा. बागेतून वाट जाते म्हणजे औषधाचा तुषारही वाटेवर येतो, शेजारच्या कुरणावर येतो, शाळेच्या अंगणात येतो. माल्स गावाने २०१४ साली मतदान घेतले आणि चारांपैकी तिघांनी रासायनिक फवारणीच्या विरोधात मत दिले. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये गावाचा नियम रद्द झाला. फवारा कुणाच्या अंगावर येतो हा प्रश्न आपल्याला परका नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. तिथे निदान वाटेने जाणाऱ्याची चर्चा झाली. आपल्याकडे पाठीवर पंप घेतलेल्याचीही होत नाही.

तेव्हा उद्या कुणी तुमच्या बांधावर येऊन पर्यटनासाठी कर्ज काढा म्हणाला, तर त्याला हाकलू नका. चहा पाजा आणि तीन प्रश्न विचारा. पाहुणा एक हंगाम आला नाही, तर कर्जाचा हप्ता शेतातल्या पिकातून फिटेल का? पावसाळ्यात माझीच बैलगाडी ज्या पाणंदीतून निघत नाही, तिच्यातून पाहुणा कसा येईल? आणि तिसरा प्रश्न मायबहिणींनी विचारायचा : पाहुण्याचे अंथरूण, चहा, भाकरी आणि उष्टी भांडी कुणी करायची, आणि त्याचे पैसे कुणाच्या हातात पडणार?

या तिन्हींची उत्तरे पटली, तर खुशाल चार खोल्या बांधा. हुरड्याला माणसे बोलवा, सायकली ठेवा, चार पैसे कमवा. शेतकऱ्याने धंदा करू नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. पण क्रम चुकवू नका. आधी पाणी, मग मालाला पैसा, मग बारमाही पाणंद, आणि मग पाहुणा. फिन्शगाउच्या ज्या वाटेने पोरे मजुरीला जात होती, त्याच वाटेने आज पाहुणे पैसे घेऊन येतात. पण ती वाट पाहुण्यांनी फिरवली नाही. पोरांचे जाणे थांबले, शेत पोसू लागले, आणि पाहुणे आले ते त्यानंतर.