सीट खालून वर बांधायची असते

 

जुन्या स्पोर्ट्स कारचा विषय निघाला की लोक इंजिनावर बोलतात, रंगावर बोलतात. आज मी बोलणार आहे सीटवर. कारण गाडी चालवताना आपलं सगळं वजन असतं कुठे? सीटवरच ना!

मी इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्डजवळ राहतो. इथून जवळच ॲबिंग्डन गाव आहे. तिथल्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात एमजीबी नावाची स्पोर्ट्स कार बनायची. उघडी रोडस्टर आणि छप्पर असलेली जीटी मिळून ५ लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. म्हणूनच हिचे सुटे भाग आजही मिळतात.

आमच्या शेजारच्या आजींकडे १९७१ ची रोडस्टर आहे. आजोबा गेले आणि गाडी गॅरेजमध्येच राहिली. आजी चालवायच्या नाहीत, कारण ड्रायव्हरची सीट इतकी खचली होती की बसल्यावर त्यांना बॉनेटच्या पुढचा रस्ता नीट दिसायचा नाही. मुलं म्हणाली, विकून टाक. मी म्हटलं, आधी सीट उघडून तर बघू.

वरून पाहिलं तर काय, एक शिवण उसवलेली, बस्स. खरा घोळ आत होता. या सीटमध्ये लोखंडी सांगाडा असतो. त्यावर हुकांनी ताणून बसवलेला एक रबरी पडदा, त्यावर फोम आणि सगळ्यात वर कव्हर. आपलं वजन तोलतो तो हा पडदा. इतक्या वर्षांत रबर कडक होतं, हुकांपाशी चिरतं. मग फोम खाली लोंबतो आणि आपण त्याच्याबरोबर खाली. अशा सीटवर नुसतं नवं कव्हर चढवलं तर काय होईल? सीट दिसेल झकास आणि खचलेली राहील तशीच!

म्हणून काम खालून वर करायचं. पहिला नियम: एका वेळी एकच सीट उघडा. दुसरी जशीच्या तशी ठेवा, तीच तुमची गाइड. प्रत्येक पायरीचे फोटो काढा. सीटच्या रुळांखाली लाकडी पट्ट्या असतात, त्या फेकू नका. बोल्ट गंजलेले असतील, त्यांना जोर लावू नका. तेल सोडा, रात्रभर मुरू द्या. जुना फोम हातात घेतला की भुगा होतो, तेव्हा मास्क लावाच.

मग सांगाडा तारेच्या ब्रशनं घासायचा. वेल्डिंग कुठे तडकलंय का, ते नीट तपासायचं. हे दिसण्यासाठी नाही, सुरक्षिततेसाठी. नंतर प्रायमर, रंग, नवा रबरी पडदा आणि नवा फोम.

आता कव्हर. इथे आमची चर्चा झाली. मुलगा म्हणाला, खर्च करतोच आहोत तर लेदर लावू. पण एमजीबीला लेदर असायचं ते साठच्या दशकात. १९७१ च्या गाडीला कारखान्यातूनच विनाइल यायचं. आपण ज्याला रेक्झिन म्हणतो ना, त्याच जातीचं. आणि गंमत म्हणजे ‘रेक्झिन’ हा शब्दसुद्धा मुळात ब्रिटिश ट्रेडमार्क! आजींनी एका वाक्यात निकाल दिला: जे होतं, तेच लावा.

विनाइल थंडीत ताठ होतं, म्हणून कव्हर आधी उन्हात ठेवायचं किंवा हेअर ड्रायरनं कोमट करायचं. फोमवर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवली की पाठीचं कव्हर सरकन खाली येतं. बैठकीचा मधला भाग फोमला चिकटवावा लागतो, नाहीतर चुण्या वर उचलतात. गोंद दोन्ही बाजूंना लावायचा, थोडा सुकू द्यायचा, मग दाबायचं. क्लिपा लावताना आधी पुढची मधली, मग मागची मधली आणि तिथून कडेकडेनं. एका बाजूनं ओढत गेलात तर शिवण तिरकी जाते.

एका सीटला दोन शनिवार-रविवार लागले. दोन्ही बसवल्यावर आजी आत बसल्या, स्टिअरिंगवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “रस्ता दिसतोय.” गाडी विकायचा विषय तिथेच संपला.

तर मंडळी, तुमच्या घरीही एखादी जुनी गाडी असेल, बाबांची स्कूटर असेल. कुशनवाल्याकडे नेलीत तर कव्हरचा रंग निवडायच्या आधी एक प्रश्न विचारा: “दादा, आतलं काय म्हणतंय?” पैसे कमी असतील तर ते आधी आत घाला. कव्हर काय, पुढच्या वर्षीही बदलता येतं.

आज इतकंच. तुमच्या घरच्या जुन्या गाडीचा किस्सा मला जरूर पाठवा. भेटू पुढच्या भागात!