बेबीताई कांबळे : एका मातेचे जिणे



आपणांपैकी पुष्कळांनी अलीकडेच त्रिशरण-पंचशील ग्रहण करून बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत. घरातील जुना देव्हारा हलला आणि भिंतीवर भगवान बुद्धांची व परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर आली. ही गोष्ट लहान नव्हे. परंतु तसबीर लागली म्हणजे धम्म घरात आला काय? की त्या घरातील आईला, सुनेला व मुलीला मिळणाऱ्या वागणुकीवरून तो आला किंवा नाही हे ठरवावयाचे? हा प्रश्न मला आज आपणांपुढे मांडावयाचा आहे. त्यासाठी मी कोणा पुढाऱ्याचे चरित्र सांगणार नाही. फलटणसारख्या लहान शहरात दुकान चालवून संसार करणाऱ्या, दहा बाळंतपणे सोसलेल्या एका मातेचे आणि आजीचे चरित्र सांगणार आहे. त्या माउलीचे नाव बेबीताई कांबळे.

बेबीताईंचा जन्म १९२९ साली वीरगाव या आजोळच्या गावी झाला. आजोळच्या पुरुषांनी साहेबांकडे बटलरची नोकरी केलेली असल्यामुळे त्या घरात वस्तीतील इतर घरांपेक्षा थोडे अधिक अन्न होते. वडील कंत्राटदारीची कामे करीत. ते हाताचे उदार होते, परंतु आपल्या पत्नीला मात्र त्यांनी घराच्या उंबऱ्याबाहेर पडू दिले नाही. बायको घरात कोंडलेली असणे यातच त्या काळी पुरुषाची इभ्रत मानली जाई. आईचा तो कोंडमारा मुलीने लहानपणीच पाहिला आणि जन्मभर ध्यानात ठेवला.

बेबीताई चौथीपर्यंत शिकल्या. वर्गातील सवर्ण मुलींकडून विटाळाची वागणूक मिळे. तरीही या मुली दबून राहत नसत, कारण बाबासाहेबांचे नाव एव्हाना घरोघर पोचले होते. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि शाळा सुटली. पदरी पैसा नव्हता, नवऱ्याला नोकरी नव्हती. तेव्हा या मुलीनेच व्यापाराची गोष्ट काढली. घडांतून गळालेली सुटी द्राक्षे स्वस्तात घ्यावयाची आणि ती विकावयाची, असा आरंभ झाला. द्राक्षांवरून भाजीपाला आला, भाजीपाल्यावरून किराणा माल आला. ज्या जातीच्या हातचे पाणीही बाटत असे, त्या जातीच्या एका बाईने आपल्या वस्तीत दुकान मांडले. नोकरी मिळत नाही म्हणून हातावर हात ठेवून बसणाऱ्या तरुणांनी हा धडा घ्यावा.

माल बांधण्यासाठी दुकानात रद्दी येई. गिऱ्हाईक नसले म्हणजे बेबीताई त्या रद्दीतील वर्तमानपत्रे वाचीत. पुढे त्यांनी ग्रंथालयाची पुस्तके वाचावयास सुरुवात केली आणि मग लिहू लागल्या. परंतु लिहिलेल्या वह्या त्यांना घरच्यांपासून लपवून ठेवाव्या लागल्या. अशी सुमारे वीस वर्षे गेली! बंधूंनो, या गोष्टीपाशी आपण क्षणभर थांबले पाहिजे. या बाईला सरकारने लिहिण्याची बंदी केली नव्हती, गावच्या पाटलानेही केली नव्हती. तिला भीती होती ती आपल्याच घरातील माणसांची. नवऱ्याचा संशय आणि नवऱ्याचा मार तिने सोसला, हे तिने पुढे स्वतःच सांगितले आहे. परंतु आपल्या पुस्तकात तिने हे दुःख घातले नाही. असे भोग वस्तीतील सगळ्याच बायकांच्या वाट्याला आलेले होते, आणि तिला आपले एकटीचे नव्हे, तर साऱ्या समाजाचे जिणे लिहावयाचे होते.

हे लेखन उजेडात आले त्याला एक निमित्त घडले. मॅक्सिन बर्नसन या अमेरिकेहून येऊन फलटणमध्ये स्थायिक झालेल्या विदुषींना त्या वह्यांचा सुगावा लागला आणि त्यांनी प्रकाशनाचा आग्रह धरला. १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून ते लेखन क्रमशः प्रसिद्ध झाले. १९८६ साली ‘जिणं आमुचं’ या नावाने त्याचे पुस्तक निघाले आणि २००८ साली माया पंडित यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद बाहेर आला. किराणा दुकानात बसून लिहिलेल्या वह्या याप्रमाणे देशोदेशींच्या विद्यापीठांत पोचल्या.

त्या पुस्तकात काय आहे? लाकडाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ब्राह्मण आळीत विकावयास जाणाऱ्या आपल्या आज्या त्यात आहेत. लाकडाला आपला केस किंवा लुगड्याचा धागा चिकटून राहिला नाही ना, हे त्यांना काडी न् काडी पाहून द्यावे लागे. कोवळ्या वयात बाळंत होऊन, पोटात अन्नाचा कण नसताना निजून राहिलेल्या मुली त्यात आहेत. जेजुरीला बाबासाहेबांनी केलेला उपदेश त्यात आहे. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, मुलांना शाळेत घाला, हे शब्द ऐकून वस्तीतील जुन्या आणि नव्या माणसांत कसा वाद पेटला, हेही त्यात आहे.

आणि त्यात आपल्या लाजेचीही एक गोष्ट आहे. सासुरवासाला कंटाळून माहेरी पळालेल्या सुनेला परत आणीत आणि तिच्या पायात लाकडाचा खोडा अडकवीत. तो खोडा ओढीत ती घरातील सारे काम करी. जगाने ज्यांना गुलाम केले होते, त्यांनी आपल्या घरात सुनेला गुलाम केले. बेबीताईंनी हे झाकून ठेवले नाही. जी लेखणी त्यांनी सवर्णांच्या अन्यायावर चालविली, तीच स्वतःच्या समाजाच्या दोषावर चालविली. याला मी खरी समाजभक्ती म्हणतो.

दहा मुलांपैकी तीन मुले त्यांना गमवावी लागली. उरलेल्यांना त्यांनी शिकविले, त्यांचे संसार पाहिले, नातवंडे पाहिली. परंतु त्यांचे मातृत्व घरापुरते राहिले नाही. फलटणजवळ निंभोरे येथे त्यांनी मागास समाजातील मुलांसाठी आश्रमशाळा काढली. शिकून मोठ्या हुद्द्यावर गेलेली मंडळी आपल्या वस्तीकडे वळून पाहत नाहीत, ही खंत त्या उघडपणे बोलून दाखवीत. २०१२ सालच्या एप्रिल महिन्यात त्यांचे निधन झाले.

उपासकांनो, आपल्या नवव्या व दहाव्या प्रतिज्ञेत सर्व माणसे समान मानण्याचे आणि समता स्थापन करण्यासाठी झटण्याचे वचन आहे. तेथे ‘घराबाहेर’ असा शब्द घातलेला नाही! तथागतांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला उपदेश करताना पतीची पाच कर्तव्ये सांगितली : पत्नीचा सन्मान करावा, तिचा अवमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरातील अधिकार तिच्या हाती द्यावा आणि तिला अलंकार द्यावेत. बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली, आणि १९५१ साली मंत्रिपद सोडले त्या कारणांत हिंदू कोड बिल हे एक मोठे कारण होते. ज्या घरात आजही बाईवर हात उगारला जातो, त्या घराने दीक्षा घेतली असेल, पण धम्म अजून उंबऱ्याबाहेरच उभा आहे.

म्हणून माझी आपणांस एवढीच विनंती आहे. आज घरी गेल्यावर आपल्या आईपाशी, आजीपाशी बसा. तिने कोणती मोळी वाहिली, कोणते बाळ गमावले, कोणाची फी कोठून भरली, हे तिला विचारा. तिला लिहिता येत असेल तर तिच्या हाती वही द्या. येत नसेल तर नातीने ते लिहून घ्यावे. आणि मातांनो, सुनेच्या पायात आता लाकडाचा खोडा नाही, पण शब्दांचा खोडा आहे काय, हे आपण स्वतःला विचारा.

एका आईला आपली वही वीस वर्षे लपवावी लागली. आपल्या घरात कोणाही लेकीसुनेला वही लपवावी लागणार नाही, एवढे जरी आपण केले, तरी त्या माउलीचे खरे स्मरण झाले असे मी समजेन.

जयभीम! नमो बुद्धाय!