केसपेपर पुढे कुठे जातो



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातले बरेचजण आता रुग्णालयात, आरोग्य केंद्रात, औषधाच्या दुकानात रुजू होतील. समोर संगणक असेल आणि पलीकडे रांग. त्या घाईत तुम्ही जी नोंद कराल, ती रुग्ण घरी गेल्यावरही कामाला येणार आहे. मला आज तेवढ्याबद्दलच बोलायचं आहे.

सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला, १९८७ साली ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम हे तिचे तालुके. कित्येक रुग्ण दवाखान्यापर्यंत पोचतच नसत, म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरून चौकशी करत. पुढे टाटा रुग्णालय आणि बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास केला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, हे त्यातून २००९ मध्ये जगापुढे आलं. आज जागतिक आरोग्य संघटना याच प्रकारच्या चाचणीला पहिली पसंती देते. कोण आजारी पडली, कोण कशाने गेली, हे वर्षानुवर्षं कुणीतरी नीट लिहिलं म्हणूनच हे कळलं.

आता दुसरी बाजू. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. यातलं प्रत्येक ऑपरेशन कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात झालं होतं. पण कागद विखुरलेले होते आणि ते एकत्र ठेवून कुणी पाहिले नव्हते. पाहिले असते, तर आकडा इतका वाढण्याआधीच कुणीतरी जाब विचारला असता, असं मला मनापासून वाटतं.

आता प्रत्येकाला आरोग्याच्या नोंदींसाठी १४ अंकी आभा क्रमांक मिळू शकतो, विखुरलेले कागद जोडता येतात. पण घाईत सगळ्यांचाच रक्तदाब १२०/८० लिहिला, तर संगणक ते खोटंही तितक्याच इमानाने जपून ठेवतो. शंभर खोट्या नोंदींवर उभं राहिलेलं संशोधन चुकीचं औषध सुचवेल, आणि ते औषध याच फलटण तालुक्यातलं कुणीतरी घेईल. मोजलं नसेल तर रकाना रिकामा सोडा. रिकामा रकाना संशोधकाला समजतो.

संमतीचंही तसंच. अंगठा घेतला म्हणजे संमती झाली, असं नाही. माहिती कुणाला दिसेल, कशासाठी वापरतील, नाही म्हटलं तरी उपचार थांबणार नाहीत, हे त्या माणसाच्या बोलीत सांगा. आणि फक्त नाव खोडून भागत नाही. लहान गावात वय, आडनाव आणि आजार एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. क्षयाची किंवा एचआयव्हीची नोंद फुटली, की मुलीचं लग्न मोडतं. एकदा विश्वास गेला की लोक खरं सांगायचं थांबतात, आणि मग कितीही भारी संगणक आणला तरी त्यात भरायला काही उरत नाही.

दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू होईल, फलटणच्या फडांवर ऊसतोडीच्या टोळ्या उतरतील. त्यातली एखादी बाई तुमच्या खिडकीशी आली, तर तिचं मूळ गाव विचारा, आधी कुठलं ऑपरेशन झालं का ते विचारा, आणि फोन नंबर मुकादमाचा लिहू नका, तिचा स्वतःचा घ्या.